म्हैसूरच्या द्राक्षमळ्यात बिनदुधाची पाहुणी

सांगलीला परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग तिथे तुम्ही खाल्लंत काय?" राजवाडा पाहिला का, चामुंडीचा डोंगर चढलात का, याची कुणाला पडलेली नाही. त्यांचंही बरोबर आहे. गेली काही वर्षं मी दूध, दही, तूप, लोणी, मध यातलं काही खात नाही. मांस-अंडी त्याआधीच सुटली होती. कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन एका मोठ्या गोठ्यावर गेले होते. तिथे आईपासून वेगळं बांधलेलं एक वासरू किती तरी वेळ माझी बोटं चोखत राहिलं. घरी आले, चहा समोर आला आणि तो घशाखाली उतरेना. तेवढंच झालं. आमचे हे अजूनही दुधाचा चहा पितात, मी कोरा पिते, आणि त्यावरून आमच्याकडे भांडण नाही.

निवृत्त झाल्यावर पहिला प्रवास म्हैसूरचा करायचा, हे मनात पक्कं होतं. माझी आत्या लग्न होऊन तिकडे गेली होती. तिच्या सासरचे लोक म्हणजे पूर्वी म्हैसूरच्या फौजेत असलेली मराठी घराणी. ती आता तिथलीच झाली आहेत. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा यशवंतदादा आणि सुमित्रावहिनी दर दिवाळीला फोनवर "ये गं एकदा" म्हणायचे. या जानेवारीत मी खरंच गेले.

म्हैसूर

दादाच्या घरची मराठी ऐकत राहावी अशी आहे. वाक्य मराठीत सुरू होतं आणि मध्येच कानडीत शिरतं, मग आठवण झाल्यासारखं परत मराठीत येतं. "शैला, तू सुम्ने बस गं, मत्ते बोलू," असं दादा म्हणाला तेव्हा मी हसले. उगाच धावपळ करू नकोस, मागाहून बोलू, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या सकाळी त्याने मला डोसा खायला नेलं. डोसा आला तोच लोण्याचा गोळा डोक्यावर घेऊन. मी ताट मागे सरकवलं. वाढप्याला वाटलं लोणी कमी पडलं, म्हणून त्याने आणखी आणलं. दादा पोट धरून हसला आणि तिथेच त्याने माझी शिकवणी घेतली. नको म्हणजे बेड. "हालु बेड, मोसरु बेड, बेण्णे बेड, तुप्पा बेड." दूध, दही, लोणी, तूप, सगळ्याला बेड. मी ते मंत्रासारखं घोकलं. मग मी विचारलं, मधाला काय म्हणतात? दादा म्हणाला, "जेनुतुप्पा." म्हणजे मधमाशीचं तूप. या लोकांना मधातसुद्धा तूपच दिसावं, याचं मला फार नवल वाटलं. ज्या गावात तुपाचा हात इतका सैल आहे तिथे माझ्यासारखीने नुसतं "बेड" म्हणून भागत नाही, का ते सांगावं लागतं. मी सांगत गेले आणि गंमत म्हणजे कुणी हुज्जत घातली नाही. डोसेवाल्याने कपाळाला आठ्या घालून सगळं ऐकलं आणि तेलावरचा कुरकुरीत डोसा आणून दिला. शिवाय दुधाशिवाय फिल्टर कॉफीही, काळीभोर, गूळ घातलेली. ती मी आता घरीही करते.

वहिनींनी तर स्वयंपाकघरच बदलून टाकलं होतं. तुपाचा डबा फडताळात वर गेला होता. जानेवारी म्हणजे तिथे पावट्याचे दिवस. सोललेल्या पावट्याचं सार, नाचणीची मुद्दे, म्हणजे उकडीचा गरम गोळा, आणि नारळाची चटणी. मुद्दे चावायची नसते, सारात बुडवून गिळायची असते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी चावत बसले. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "ताई, ती भाकरी नव्हे. सोडून द्या तिला खाली."

जेवताना मी विचारलं, "पल्लवी कुठे असते?" पल्लवी त्यांची एकुलती मुलगी. ती हॉटेलाचं शिक्षण घेऊन आचारी झाल्याचं मला माहीत होतं. दादा उठला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेला.

वहिनींनी आवाज खाली आणला. "वाइनरीत आहे. हुणसूरकडे. तिथलं रेस्टॉरंट तीच बघते. हे अजून एकदा पण नाही गेले."

का ते त्यांना सांगावं लागलं नाही. आत्याचे यजमान दारूने गेले. आमच्या लहानपणी आत्या माहेरी यायची तेव्हा मोठी माणसं दार लोटून बोलायची आणि आम्हा मुलांना अंगणात पिटाळायची. वडील गेले तेव्हा दादा शिकत होता. शिक्षण सोडून तो म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. जिथे दारू मिळते तिथे पाय ठेवायचा नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं आणि पाळलं होतं. मित्रांच्या मुलांची लग्नं हॉटेलात असली तर हा दारापर्यंत जाऊन आहेर देऊन परत यायचा.

सोमवारी पल्लवीची सुट्टी असते. ती आली, बापाच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडली. तिची मराठी फार थोडी आहे, पण आहे तेवढी ती बेधडक वापरते. "अत्ते, अम्मा बोलली तुम्ही व्हीगन. मला फुल खुशी झाली. आमच्याकडे ऊटाला या. सगळं व्हीगन करते, एक पण वस्तू चुकणार नाही." मी जेवायला यायचा होकार दिला. मला खरोखरच उत्सुकता होती. आमच्या तासगावच्या बाजूला द्राक्षं आहेत, बेदाणे आहेत, दिरांची स्वतःची बाग आहे, पण वाइनरीत मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

दिवसभर बाप-लेकीच्या गप्पा चालल्या होत्या. शेजारच्यांचं कुत्रं, पाण्याची टाकी, दादाचा चष्मा, सगळ्यावर ते बोलले. तिच्या कामाचा विषय मात्र दोघांनी असा टाळला, जशी घरातली हलणारी फरशी माणूस न बघता ओलांडतो.

बैलकुप्पे

दुसऱ्या दिवशी दादा मला गाडीने बैलकुप्प्याला घेऊन गेला. तिथे तिबेटी लोकांची मोठी वसाहत आहे. वाटेत हुणसूरच्या आसपास तंबाखूची शेतं आणि पानं धगीवर वाळवण्याच्या उंच, छोट्या खिडक्यांच्या खोल्या दिसतात. मग मक्याची रानं सुरू होतात आणि त्यातून एकदम सोनेरी कळस वर येतात. देवळात तांबड्या वस्त्रांतले भिक्खू एका सुरात पठण करत होते. आवाज घशातून नाही, पोटातून येत होता. आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो. दादाने डोळे मिटले होते.

बाहेर एका छोट्या खानावळीत म्हातारीने आमच्यापुढे चहा ठेवला. मीठ आणि लोणी घातलेला. मी "बेण्णे बेड" म्हणताच ती चकित झाली. बिनलोण्याच्या चहाला ती चहाच म्हणायला तयार नव्हती. ती आणि दादा अस्खलित कानडीत माझ्याविषयी चर्चा करत होते आणि मी मध्ये बसून माझा खटला ऐकत होते. अखेर तिने लाफिंग नावाचा पदार्थ आणला. मुगाच्या सत्त्वाची थंडगार, बुळबुळीत, जाड पट्टी, वर लाल तिखट आणि लसूण. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला मी आणखी मागितलं.

परतताना एका वळणावर डावीकडे पाटी दिसली, द्राक्षाच्या घडाचं चित्र असलेली. मी काही बोलायच्या आत दादाने गाडीचा वेग वाढवला.

हुणसूरच्या वाटेवर

जेवणाला वहिनी माझ्याबरोबर येणार होत्या. त्या सकाळी त्या गुडघा धरून बसल्या. "मला नाही जमणार. तुम्ही न्या ताईंना." आदल्या दिवशी आम्ही बाहेर असताना याच बाईंनी माळ्यावरचे पितळी डबे उतरवून घासले होते, आणि ते माळ्यावर परत चढलेले मी पाहिले होते. दादानेही पाहिले असणार. तो एवढंच म्हणाला, "मी सोडतो. गाडीत बसतो."

वाइनरीच्या फाटकाशी त्याने गाडी चिंचेच्या सावलीत लावली, काच खाली केली आणि पेपर उघडला. मी एकटी आत गेले.

वाइन करणारे गृहस्थ, श्रीधर त्यांचं नाव, मला बाग दाखवायला आले. आमच्याकडे द्राक्षाचा मांडव असतो, डोक्यावर छत केल्यासारखा, खाली सावलीत माणसं काम करतात. इथे वेली तारांवर उभ्या, रांगेत शिस्तीत बांधलेल्या. घड लहान, मणी बोराएवढेही नाहीत, काळे आणि जाड सालीचे. मी एक तोंडात टाकला. गोड होता, पण सालीने जीभ आकसली आणि बिया दाताखाली आल्या. आमच्या बाजारात असल्या द्राक्षांना कुणी हात लावला नसता. श्रीधर म्हणाले, "साल आणि बी, यातच सगळं आहे. तुम्ही जे थुंकता त्याचीच आम्ही वाइन करतो." छाटणीवरून आम्ही बराच वेळ बोललो. आमच्याकडे ऑक्टोबरातल्या छाटणीला गोडी छाटणी म्हणतात, हे त्यांना फार आवडलं. त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला.

मग आतल्या थंड दालनात मोठमोठ्या पोलादी टाक्या. मी शिक्षिकेच्या सवयीने विचारत सुटले. रस एवढा गढूळ असतो, मग वाइन आरपार दिसते ती कशी? ते म्हणाले, नुसतं ठेवून दिलं तरी निवळते, पण वेळ लागतो. म्हणून त्यात काही घालतात, ते गाळ धरून तळाशी बसतं. पांढरीत आम्ही एक प्रकारची माती घालतो. तांबडीत अंड्यातला पांढरा भाग. काही ठिकाणी दुधातलं प्रथिन वापरतात, काही ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ.

मी थांबलेच. द्राक्षाच्या रसात अंडं आणि मासा असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. "म्हणजे तांबडी मला चालणार नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "अंडं शेवटी खाली बसतं, काढून टाकतात. पण वापरलेलं असतं, हे खरं." मातीने निवळलेल्या पांढरीचा एक घोट मी घेतला. आंबट, मग कैरीच्या सालीसारखी, आणि गिळल्यावर काही क्षण तोंडात जागी राहणारी. माझ्याने दुसरा घोट घेववला नाही, पण कुतूहल फिटलं.

रेस्टॉरंट म्हणजे बागेकडे उघडी मोठी पडवी. टेबलं निम्मी भरलेली होती. पल्लवी पांढरा कोट घालून समोर आली, तिची नजर माझ्या मागे गेली आणि परत माझ्यावर आली. "अप्पा?"

"गाडीत आहे."

ती "आयतु" म्हणाली, ठीक आहे अशा अर्थी, आणि वळून आत गेली. मी खुर्चीवर बसले. समोरची खुर्ची रिकामी. मला बसवेना. मी उठून फाटकापाशी गेले.

"दादा, मी एकटीच जेवू?"

त्याने पेपर खाली घेतला. "तुझ्यासाठी केलंय तिने."

"केलंय. पण पाहुणीला एकटीला जेवायला बसवायची तुमच्याकडे पद्धत आहे का?"

त्याने पेपरची घडी घातली. मग त्याने काच वर केली आणि गाडीतून उतरला. पडवीत येऊन बसल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की समोरचा उंच दांड्याचा ग्लास उचलून पालथा घातला. मीही माझा पालथा घातला.

पल्लवी पहिली ताटली घेऊन आली आणि बापाला पाहून दारातच थबकली. आत जाऊन दुसरी ताटली घेऊन आली. विड्याच्या पानात गुंडाळलेले वाफवलेले पावटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबू. पानाचा तिखटपणा आधी आणि पावट्याचा मऊपणा मागाहून. त्यानंतर हुलग्यांचं कढण, वर साईऐवजी नारळाचं घट्ट दूध. आमचं कुळथाचं कळण माझ्या आईने केलेलं मी आयुष्यभर प्यायले, पण त्याला असा नितळ, जवळजवळ मटणाच्या रश्शासारखा खोल स्वाद येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. दादा मान खाली घालून जेवत होता. वाटी त्याने पुसून घेतली होती.

मग पल्लवीने स्वतः मुख्य पदार्थ आणला. म्हैसूरची हिरवी वांगी, अखंड, छोट्या कांद्यांबरोबर शिजवलेली, गडद जांभळ्या रसात चमकत असलेली, खाली नाचणी. "अत्ते, हे माझं स्पेशल," ती म्हणाली. "हे मेन्यूत घ्यायचं आहे. तुम्ही पहिल्या." ती उभी राहिली, हात मागे बांधून, आणि तिचा डोळा माझ्यापेक्षा बापावर जास्त होता.

त्या जांभळ्या रसाचा वास मला लगेच कळला. तासाभरापूर्वी टाक्यांच्या थंड दालनात मी तो घेतला होता.

मी चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. खरं सांगते, त्या वेळी मला माझ्या वासरापेक्षा समोर बसलेला माणूस जास्त दिसत होता. किती वर्षांनी तो अशा जागी बसला होता. आता मी काही बोलले तर त्याच्यासमोर पोरीची चूक निघणार, तीही दारूवरूनच. गपचूप खाऊन टाकावं असं मनात आलं. अंडं तर केव्हाच तळाशी बसून गेलं होतं, कुणाला कळणार होतं?

"अत्ते, काय झालं?" पल्लवीने विचारलं.

ती इतकी सरळ माझ्याकडे बघत होती की मला खोटं बोलता आलं नाही. "यात तांबडी वाइन आहे ना गं? ती अंड्याने निवळतात म्हणे. श्रीधरांनी आत्ता सांगितलं."

तिचा चेहरा उतरला. क्षणभर तिने डोळे मिटले. थोडीशीच घातलीये, शिजलं की काही राहत नाही, असलं काही ती म्हणाली नाही. "मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "द्राक्षाची आहे म्हणून सुम्ने असंच धरून चालले. तुम्हाला बोलले एक पण वस्तू चुकणार नाही. सॉरी, अत्ते." आणि तिने माझी ताटली उचलली. "आत स्टाफचं जेवण आहे. मुद्दे आणि सोप्पुसारु, पालेभाजीचं. त्यात काही नाही. ते आणते." तिने दुसरा हात दादाच्या ताटलीकडे नेला.

दादाने ताटलीवर हात ठेवला. "थांब."

ती थांबली.

"यात ती आहे?"

"आहे, अप्पा."

"शिजल्यावर जाते?"

"बहुतेक जाते. सगळी नाही जात. थोडी राहते." मग हळूच म्हणाली, "खोटं नाही सांगत तुम्हाला."

शेजारच्या टेबलावर कुणी तरी हसलं. बागेतून वारा आला. दादा त्या वांग्याकडे बघत होता. तो बोलला तेव्हा पूर्ण मराठीत बोलला, एकही कानडी शब्द न घालता, आत्या बोलायची तसं.

"तुझे आजोबा प्यायचे तेव्हा मी त्यांना रोज विचारायचो, प्यायलात का. रोज म्हणायचे, नाही. शेवटपर्यंत नाहीच म्हणत गेले." त्याने चमचा घेतला. "मला वाटायचं, ती जिथे असते तिथे खरं बोलणारं माणूस नसतंच."

त्याने वांग्याचा तुकडा तोडला, रसात फिरवला आणि तोंडात घातला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. पल्लवी माझी ताटली हातात धरून तशीच उभी होती, रस काठापर्यंत आला होता. त्याने सावकाश चावलं, गिळलं. दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"कमी आहे?" पल्लवीने विचारलं.

"स्वल्प. बाकी चांगलं आहे." मग त्याने शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली. "बस. सकाळपासून उभी असशील."

"बसायचं नसतं, अप्पा. कोट घालून पाहुण्यांच्या टेबलावर नाही बसत. रूल आहे."

दादाने तिच्याकडे पाहिलं, त्या कोटाकडे पाहिलं, पडवीतल्या भरल्या टेबलांकडे पाहिलं. "हौदा," तो म्हणाला, असं होय. आणि ताटली हातात घेऊन तो उठला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि उभ्याउभ्याच उरलेलं वांगं खाऊ लागला.